उजवीकडचा डावा कॅलिपर

अण्णा,

परवा विहारात तुमचं पुण्यानुमोदन झालं. त्रिशरण-पंचशील झालं, मेणबत्त्या लागल्या, वर्कशॉपातले तुमचे सोबती एकेक करून बोलले. शेवटी सूत्रसंचालक म्हणाले, "आता अण्णांची मुलगी, आपल्या वस्तीतली कॉलेजात गेलेली पहिली मुलगी, रंजना, दोन शब्द बोलेल." मी उभी राहिले. सगळ्यांना वाटत होतं, हिला बोलता येणारच, हिचं तर शिक्षणच बोलण्या-लिहिण्याचं चाललंय. मी "जयभीम" म्हणाले. "तुम्ही सगळे आलात, आम्हाला आधार वाटला," एवढं म्हणाले आणि खाली बसले. मागून कुणीतरी कुजबुजलं, "पोरगी खचली."

मी खचले नव्हते. काय झालं होतं ते मला अजून नीट सांगता येत नाही. पायाला मुंग्या येऊन गेल्यावर चिमटा काढला तरी तो दुसऱ्याच कुणाच्या पायाला काढल्यासारखा वाटतो ना, तसं काहीतरी होतं. जेवत होते, भांडी घासत होते, कॉलेजचा अर्जही भरून आले होते. रडू तेवढं आलं नव्हतं. आई म्हणायची, येईल तेव्हा येईल.

पण त्या दिवशी न बोलण्याचं कारण तेवढंच नव्हतं. माझ्या आधी जे जे बोलले, त्या प्रत्येकाने एकच गोष्ट सांगितली. अण्णांच्या हाताला चूक माहीत नव्हती. अण्णांनी आवळलेला बोल्ट परत कधी खोलावा लागला नाही. साहेब लोकसुद्धा अण्णांना विचारल्याशिवाय गाडी पुढे नेत नसत. माना डोलत होत्या. सुदामकाका पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते, आई माझ्या शेजारी होती. आणि त्या भरल्या विहारात आम्हा तिघांनाच ठाऊक होतं की तुम्ही केलेल्या शेवटच्या गाडीत तुम्ही चुकला होतात आणि तुम्ही आवळलेला बोल्ट खोलावा लागला होता. मी बोलायला लागले असते तर तेच तोंडातून निघालं असतं. म्हणून बसले.

ते आता तुम्हालाच लिहून कळवते. तुम्हाला दुसऱ्या कुणी सांगितलं नसेल.

आपल्या दोघांचं बोलणं घरात कमीच व्हायचं. समोरासमोर बसलो की तुम्ही पेपर उघडायचात आणि मी वही. बोलणं व्हायचं ते रविवारी, अंगणात, कुणाची तरी गाडी घोडीवर चढवलेली असताना. ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात, एक पेडलवर आणि एक चाकाशी. मी शाळेत होते तेव्हापासून पेडल माझं. तुमचा आवाज चाकाकडून यायचा, "मार… मार… मार… धर." मी पेडल दाबून धरायची. तुम्ही चाकाजवळचं निपल, हवा सोडायची ती बारीक तोटी, सैल करायचात, पाय हळूच खाली जायचा आणि कॅम्पातल्या डॉक्टरबाईंनी दिलेल्या सलाइनच्या नळीतून ब्रेकचं तेल बाटलीत उतरायचं. तुम्ही निपल आवळायचात. "सोड." मग पुन्हा पहिल्यापासून. मधल्या वेळात मी स्टेअरिंगवर पुस्तक टेकवून वाचत बसायची. तुम्ही खालून विचारायचात, "आज काय हाय?" मी म्हणायची, "अर्थशास्त्र." "काय म्हनतंय?" मी दोन ओळी वाचून दाखवायची. "हे आपल्याला आधीच ठावं होतं," तुम्ही म्हणायचात.

मध्ये पत्रा असला की आपल्याला बोलता यायचं. पहिल्या वर्षी इंग्रजीत नापास झाले, ते मी तुम्हाला पेडलवरूनच सांगितलं. खालून "धर" ऐकू आलं. मग "सोड". आणि मग, "आक्टोबरला बस."

एकदाच आपलं वाजलं. मी म्हटलं, "आज मी चाकाशी बसते, तुम्ही पेडलवर बसा."

"कशापायी?"

"शिकायचंय मला."

"शिकायचं त्ये कालेजात शीक. हितं हात काळं करायचं व्हतं तर मी इतकी वर्सं कशाला केलं?"

"म्हणजे हे काम वाईट आहे का?"

"काम वाईट हाय असं म्हनलो का मी?"

"मग?"

"मग काय? पेडल मार."

ते भांडण तिथेच राहिलं. मी त्यावर खूप विचार केला. तुमचं म्हणणं मला कळत होतं, पण माझंही काही होतं, आणि ते मला नीट मांडता आलं नाही. वर्गातही माझं तसंच होतं. उत्तर सुचतं तेव्हा तास संपलेला असतो.

डॉक्टरबाईंची ती नवी छोटी गाडी आली तेव्हा तुम्ही तिच्याभोवती दोनदा फिरलात. देवळाली कॅम्पात तशा दोन-चारच होत्या. तुमचं सगळं आयुष्य जुन्या गाड्यांत आणि लष्करी ट्रकांत गेलेलं. त्या गाड्यांच्या चाकात ड्रम असतो आणि ब्रेक आतून फाकतो. या गाडीच्या पुढच्या चाकांत लोखंडी तबकडी होती आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा कॅलिपर. उजवीकडचा कॅलिपर जाम झाला होता. चाक तापायचं आणि ब्रेक मारला की गाडी एका अंगाला ओढायची. डॉक्टरबाई गाडी स्वतः चालवतात. त्यांना कसारा घाट उतरून ठाण्याला जायचं होतं आणि पहिलटकरीण लेकीला बाळंतपणासाठी माहेरी आणायचं होतं.

तुम्ही कॅलिपर काढलात आणि पाइपाचं तोंड बांधून ठेवलंत. तो भाग नाशिकला मिळेना. काढलेला तुकडा नमुना म्हणून ठाण्याला डॉक्टरबाईंच्या जावयाकडे गेला आणि तो मुंबईच्या दुकानातच राहिला. बऱ्याच दिवसांनी नवा आला, खोक्यात, तेलकट कागदात गुंडाळलेला. शनिवारी दुपारी तुम्ही तो हातात घेऊन उलटापालटा केलात. मी उंबऱ्यात बसले होते.

"हे बघ रंजे, निपल खाली दिलंय. ह्या नव्या गाड्यांचं समदं उलटंच. इंजन आडवं, जोर पुढच्या चाकाला. आता निपल बी खाली." आणि तुम्ही हसलात. मीही हसले. मला त्यात हसण्यासारखं काय होतं ते कळलं नव्हतं, पण तुम्ही खुशीत होतात.

तो चपखल बसला. भोकं जुळली, बोल्ट गेले. शेवटचा आवळताना तुम्ही नेहमीसारखा पान्याला एक जास्तीचा हिसका दिलात. मग रॉकेलने हात धुतलेत. "हवा उद्या काढू. मोकळी हाईस ना?" मी हो म्हटलं. मलाही उद्याची ती वेळ हवीच होती. कारण मला तुम्हाला सांगायचं होतं की बी.ए. झाल्यावर मला पुण्याला जाऊन एम.ए. करायचंय. तुम्ही ठरवलेली टायपिंगची परीक्षा आणि कचेरीतली नोकरी मला नको होती. मागच्या रविवारी दुसऱ्या एका गाडीत पेडल मारता मारता मी ते वाक्य पुटपुटून पाहिलं होतं. "अण्णा, रागावू नका." "अण्णा, मला अजून शिकायचंय." "अण्णा, पुण्यात मुलींचं वसतिगृह आहे." कुठून सुरुवात करावी ते ठरत नव्हतं.

तुम्ही चहा मागितलात. आईने आणून दिला. तुम्ही एक घोट घेऊन कप खाली ठेवलात आणि म्हणालात, "छातीत जड लागतंय." त्यापुढचं मला सलग आठवत नाही. रिक्षा आठवते. तुमच्या नखांतलं काळं आठवतं. दिवेलागणीच्या आत सगळं संपलं होतं.

गाडी तशीच अंगणात घोडीवर राहिली, उजवं चाक निघालेलं. भेटायला येणारी माणसं घरात मावेनात, तेव्हा पुरुष मंडळी तिच्याभोवती उभी राहायची. कुणीतरी बॉनेटवर पांढऱ्या फुलांचा हार ठेवला. वर्कशॉपातले लोक लेकरांना जवळ घेऊन दाखवायचे, "हे बघ, अण्णानी शेवटी आवळलेलं." एका म्हाताऱ्याने वाकून बोल्टाला हात लावला आणि तो हात कपाळाला नेला. आईने खिडकीतून ते पाहिलं. तिने खिडकीचं एक दार लोटून घेतलं.

डॉक्टरबाई दोनदा येऊन बसून गेल्या. गाडीचं नाव काढलं नाही. पण त्यांच्या लेकीचे दिवस भरत आले होते, हे आम्हाला माहीत होतं. मग सुदामकाका आले. वर्कशॉपात तुमच्या समोरच्या बाकड्यावर आयुष्य काढलेला माणूस. ते म्हणाले, "हवाच तेवढी ऱ्हायली ना? काम अर्धं ठिवून अण्णाला चैन पडायची नाय. चल, बस पेडलवर."

मी बसले. काका चाकाशी बसले. "दाब," ते म्हणाले. मी दाबलं नाही. मला कळलंच नाही की ते मला सांगतायत. तुम्ही "मार" म्हणायचात.

"अगं दाब की!"

मी दाबलं. पेडल मऊ होतं. ओल्या गोधडीवर पाय ठेवल्यासारखा पाय आत जायचा, थेट तळाला. सुरुवातीला तसंच असतं. पण हवा निघत जाते तसं ते टणक होत येतं, पायाला कळतं. ते होईना. बाटली भरली, काकांनी ओतून पुन्हा लावली.

"काका, बुडबुडे येतायत का?"

"एक बी नाय. स्वच्छ तेल हाय."

"मग पेडल वर का येत नाही?"

"मेन सिलिंडर गेला असंल."

त्यांनी मेन सिलिंडर पाहिला. मग डाव्या चाकाची हवा काढून पाहिली. मग मागची दोन्ही. प्रत्येक जोड पुसून, बोट फिरवून पाहिला. फक्त एका जागेकडे ते वळत नव्हते. तेल संपलं, तेव्हा ते सायकलवर टांग मारून बाजारात गेले.

माझा पाय दुखत होता म्हणून मी खाली उतरले आणि उगाच गाडीभोवती फिरले. डाव्या चाकाशी वाकून पाहिलं. तिथला कॅलिपर कारखान्यातून आलेला, कुणी हात न लावलेला. त्याचं निपल वर होतं. मी उजवीकडे आले. इकडे खाली. पुन्हा डावीकडे गेले.

मला गाड्यांतलं काही कळत नाही, अण्णा. मला पेडल कळतं. पण भरलेली बाटली उलटी धरली की हवा बुडाशी जाते, तोंडाशी राहत नाही, एवढं मला कळत होतं. तोंड कितीदाही उघडलं तरी तेलच बाहेर येणार. हवा वरच्या बंद अंगाला बसून राहणार. दुकानदाराने डावीकडचा दिला होता. दोन्ही पायांत डावीच चप्पल. आणि तुम्ही ती उजव्या पायात चढवलीत, आणि खाली आलेलं निपल पाहून हसलात.

काका आले तेव्हा मी सांगितलं. धड सांगता येईना. "काका, मला असं वाटतंय… म्हणजे मी चुकतही असेन…"

"चुकतच असशील," ते पुरतं ऐकून म्हणाले. "अण्णा डावा-उजवा वळखनार नाय? अगं, डोळं बांधून इंजन खोलायचा तो मानूस."

"तुम्ही एकदा बघा."

त्यांनी पाहिलं. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग दगडावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"बराबर हाय तुझं," ते म्हणाले. "पर मी नाय खोलनार. त्याच्या हातचं शेवटचं हाय त्ये. लोकं पाया पडून गेली त्याच्या. मी कसा पाना लावू?"

मला त्यांचा राग आला नाही. मलाही तेच वाटत होतं. तुम्ही आवळलेलं ते दोन बोल्टांएवढं काहीतरी अजून धरून ठेवलेलं होतं. ते सोडलं की तुमचं असं घट्ट काही उरणार नव्हतं. मी म्हटलं, "डॉक्टरबाईंना सांगू, दुसऱ्या गॅरेजात न्या."

आई दारात उभी होती. कधीपासून, ते आम्हाला माहीत नाही.

"दुसरा काय करंल?" ती म्हणाली.

"तो खोलंल," काका म्हणाले.

"म्हंजी खोलायचं हायेच. निसतं आपन नाय बघायचं." ती पायरी उतरून खाली आली. "भावजी, त्या बाईची पोटुशी लेक बसनार हाय या गाडीत. घाटात गाडी थांबली नाय तर तिला काय सांगू? आमच्या मालकाच्या हातचं व्हतं म्हनून ठिवलं?"

काका उठले आणि पाठ फिरवून उभे राहिले.

"तुमच्यानं व्हत नसंल तर पोरगी खोलंल. रंजे, घे पाना."

मी पाना घेतला. तुम्ही कोणता वापरायचात ते मला आकड्यावरून नाही, कळकटलेल्या चिंधीवरून माहीत होतं. तो बोल्टाला लावला आणि ओढला. काहीच झालं नाही. दोन्ही हातांनी ओढला. तेव्हा काका पाठमोरे उभे होते, तसेच म्हणाले, "पाइप घाल पान्यात. अण्णानी आवळलंय, असं सुटायचं नाय." मी पान्याच्या दांड्यात लोखंडी पाइप घातला आणि सगळं अंग टाकलं. इतका जोर तुम्ही त्यात ठेवून गेला होतात. घरातल्या दुसऱ्या कुठल्याच वस्तूत तो नव्हता, ना शर्टात, ना चष्म्यात. मी अजून अंग टाकलं. टक् असा आवाज आला आणि पाना मोकळा फिरला.

मला वाटलं होतं, या क्षणी रडू येईल. आलं नाही. मी बोल्ट बोटांनी काढून तळहातावर घेतला. तो बोल्टच होता. आई म्हणाली, "दुसरा बी काढ."

डॉक्टरबाईंना काकांनी जाऊन सांगितलं, दुकानदाराने डावा पाठवलाय, आम्ही खोक्यातून काढून पाहिला तेव्हा कळलं. मी तिथेच उभी होते, मी काही बोलले नाही. त्यांनी ट्रंककॉल लावून जावयाला कळवलं. उजवा कॅलिपर रजेवरून परतणाऱ्या एका जवानाच्या हाती पॅसेंजरने देवळालीला आला. काका तो घेऊन आले आणि खोकं माझ्या हातात दिलं. मी आधी निपल कुठे येतं ते पाहिलं. मग बसवला. आवळून झाल्यावर काकांनी पाना हातात घेऊन आणखी थोडा दाबला, आणि माझ्याकडे न बघता मान हलवली.

"आता तू चाकाशी बस," ते म्हणाले. "पेडलवर मी बसतो. माझं गुडघं गेलं."

त्यांचे गुडघे काही गेलेले नाहीत. पण मी बसले. नळी लावली, बाटली धरली. काका वर तयार होते आणि सगळं थांबलं होतं, कारण सांगायचं मला होतं. मी म्हटलं, "मार." मग घाईने म्हटलं, "मारा." काका वरून म्हणाले, "मार म्हन गं, मार म्हन. त्याशिवाय पाय हालायचा न्हाय."

"मार… मार… मार… धर."

मी निपल सैल केलं. नळीत बुडबुडे आले. इतकी वर्षं मी हवा काढली, पण बुडबुडे पहिल्यांदा पाहिले. एकामागून एक, लगबगीने, बाटलीच्या तेलात वर येऊन फुटणारे. तुम्ही दर रविवारी हे बघत होतात, हे मला माहीतच नव्हतं.

आणि आणखी एक माहीत नव्हतं. मधल्या एका वेळी काका वर बसून स्वतःशीच पुटपुटले, अगदी तोंडातल्या तोंडात. "माफ कर रे अण्णा." मला ते चाकाशी स्पष्ट ऐकू आलं. शेजारी बसून कानात सांगावं इतकं स्पष्ट. चाकाच्या कमानीतून आतला आवाज सरळ बाहेर येतो.

माझा हात निपलावरच राहिला. म्हणजे तुम्हाला सगळं ऐकू येत होतं? "हे काही ऐकायचे नाहीत," असं मी कितीदा पुटपुटले असेन. आणि तो मागचा रविवार. रागावू नका. मला अजून शिकायचंय. पुण्यात मुलींचं वसतिगृह आहे. तीच ती वाक्यं पुन्हा पुन्हा. तुम्ही त्या दिवशी एकदाही मध्ये बोलला नाहीत. फक्त धर आणि सोड. ते रागाने गप्प होतात की वाट बघत होतात, मला आता कसं कळणार? "मोकळी हाईस ना" असं तुम्ही शनिवारी विचारलंत, ते हवेसाठीच विचारलंत का? मी याचं उत्तर स्वतःच्या सोयीने लावू शकते. लावायचं नाही असं ठरवलंय. पण विचार येतो.

"झोपलीस काय?" काका ओरडले. "पाय धरलाय माझा!"

बुडबुडे संपले. काका म्हणाले, "आलं. दगड झालं पेडल."

चाक लावलं, घोडी काढली, बॉनेटवरचा सुकलेला हार आईने उचलला आणि झाडाच्या बुंध्याशी ठेवला. मग काकांनी आम्हा दोघींना गाडीत बसवलं. आई मागे, मी पुढे. वस्तीबाहेरच्या सरळ रस्त्यावर त्यांनी वेग घेतला, दोन्ही हात स्टेअरिंगवरून उचलून वर धरले आणि ब्रेक मारला. आई मागून "अगं बया!" म्हणाली. गाडी कुठे न झुकता सरळ रेषेत थांबली. काकांचे हात अजून वरच होते.

डॉक्टरबाई घाट उतरून गेल्या. त्या तिकडे असतानाच तुमचं पुण्यानुमोदन झालं. काल त्या परत आल्या, लेकीला घेऊन. घरी जायच्या आधी आपल्या दारात थांबल्या. त्यांची लेक अवघडत उतरली, आईने तिला खुर्ची दिली, गुळाचा चहा ठेवला. वरच्या कपाटावर तुमचा फोटो आहे, त्याला अजून पांढरी फुलं वाहायला कुणी ना कुणी येतं. डॉक्टरबाईंनी फोटोला हात जोडले.

"घाटात काय सुरेख थांबत होती हो गाडी," त्या म्हणाल्या. "मला सारखी अण्णांची आठवण येत होती. बघा ना, त्या दुकानदाराने चुकीचा भाग पाठवला आणि तुम्हा सगळ्यांना केवढा ताप. अण्णा असते तर खोक्यातून काढतानाच ओळखलं असतं त्यांनी."

मी सुदामकाकांकडे पाहिलं. तेही आले होते. त्यांनी मान खाली घातली. मीही "हो ना" म्हणायला तोंड उघडलं होतं.

"कुठलं वळखलं असतं!" आई म्हणाली. ती चहा गाळत होती, तिने वरही पाहिलं नाही. "त्यांनीच बसवला व्हता तो. दनकून आवळला व्हता. या पोरीला सोडवताना नाकी नऊ आलं."

डॉक्टरबाईंची लेक एकदा माझ्या आईकडे आणि एकदा फोटोकडे बघत राहिली.

"निपल खाली दिसतंय, तरी बसवला," आई म्हणाली. "दोन पावलं चालून डावीकडं बघून यावं, तर नाय. कुनाला इचारावं, तर त्ये बी नाय. घरात कालेजातली पोरगी बसलीय, तिला तरी इचारा! पर इचारलं तर कमीपना येतो ना. लग्न झाल्यापास्नं हेच. म्या म्हनलं, जड वाटतंय तर आधी दवाखान्यात चला, चहा ऱ्हाऊ द्या. नाय. चहा पायजे." तिने कपबशी डॉक्टरबाईंपुढे जरा जोरातच ठेवली. "ऐकायचंच न्हाय कुनाचं!"

आणि ती फोटोकडे वळून रागाने बघायला लागली, अगदी डोळ्यात डोळा घालून, तुम्ही पेपरामागे लपलात की बघायची तशी.

सुदामकाकांना आधी हसू फुटलं. ते दाबायला गेले आणि त्यांना ठसका लागला. मग डॉक्टरबाईंच्या लेकीला हसू आलं, पोटावर हात धरून. मी आत स्वयंपाकघरात गेले, भिंतीशी उभी राहिले, आणि तिथे मला रडू आलं.

अण्णा, इतक्या दिवसांत तुमच्यावर पहिल्यांदा कुणीतरी रागावलं होतं.